शेजारच्याकडे बघणारा डोळा

मी, खाली सही करणार, धंद्याने गवंडी, वय वर्षे बहात्तर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. डोळ्यांबद्दल त्यांनी लिहिले नाही, ते मी लिहितो. मी जन्माचा तिरळा आहे. माझा उजवा डोळा ज्याच्याकडे बघतो, त्याच्या शेजारच्याकडे डावा बघतो, आणि लोक नेमका डावाच धरून बसतात.

१. थापी, करणी आणि ओळंबा मुलाला. तो दुकानात बसतो, त्याला उपयोग नाही, तरी विकू नयेत.

२. ज्या ठेकेदाराने भर कामावर माझ्या थोबाडीत मारली, त्याला मी माफ केले असे कोणी समजू नये. त्याची बायको जिन्यात उभी होती आणि मी तिच्या बाजूची वाकडी खिडकी बघत होतो. खिडकी अजून वाकडीच आहे.

३. बँकेतली शिल्लक पत्नीला. घरही तिलाच, पण आधी कारण.

तिच्या वडिलांच्या घराला मी गिलावा करत होतो. दोघी बहिणी दारात उभ्या. मी धीर करून म्हणालो, "मला हिच्याशी लग्न करायचंय." सासरे म्हणाले, "अरे, धाकटीचं ठरलंय. थोरली चालेल का?" मला वाटले, गंमत करताहेत. म्हणालो, "चालेल काय, पळेल!" सगळे हसले. थोरली हसली नाही, हे माझ्या ध्यानातच आले नाही. मी तिलाच मागितले होते.

पुढे संसार झाला, मुलगा झाला. भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवट एकच: "मी काय, उरलेली!" मी म्हणायचो, "अगं, तुलाच मागितलं होतं." ती म्हणायची, "माझ्याकडे बघून बोल." मी तिच्याकडे बघूनच बोलत असे, आणि ती वळून खिडकीत कोण आहे ते बघत असे. मुलाचे लग्न झाल्यावर चार दिवस म्हणून त्याच्याकडे गेली, ती गेलीच. फोनवर हा विषय काढला की फोन सुनेच्या हातात देते.

घर खायला उठते. संध्याकाळी मी भिंतींशी बोलतो. त्या निदान कुणाकडे बघतोस म्हणून विचारत नाहीत. फार एकटे वाटते, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

४. मेव्हणीला काहीही देऊ नये. बाई चांगली आहे, पण जन्मभर मला पाहिले की आतल्या खोलीत पळाली. चमचा जरी दिला तरी पुन्हा तेच सुरू होईल.

५. राहते घर पत्नीला. वकील म्हणाले, "चतुःसीमा लिहा, म्हणजे मागाहून वाद नको." घराच्या चतुःसीमा सोबत जोडल्या आहेत. मी म्हणालो, "आता हिच्याही लिहा." ते म्हणाले, "अहो, माणसाच्या लिहीत नाहीत." मी म्हणालो, "वाद तिथंच आहे ना!"

तर त्या दिवशी जिला मी मागणी घातली तिच्या पूर्वेस धाकटी बहीण, पश्चिमेस दाराची चौकट, उत्तरेस अंधारी खोली, दक्षिणेस चार हातांवर थापी धरून मी. या चार सीमांच्या आत जी उभी होती, ती माझी पत्नी.

हे कलम वाचताना वकिलांनी कागदातून मान वर करून, इकडेतिकडे न बघता, सरळ तिच्या डोळ्यांत बघावे. आणि माझे डोळे मिटल्यावरच वाचावे. ते उघडे आहेत तोवर तिला पटायचे नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सात मार्च
सही: गवंडी
साक्षीदार: १. डॉक्टर २. शेजारचा लोहार