बारीक गाळ

ता. १४, सोमवार, दुपार

पोरी,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत.

बाळंतपणाला इकडे येते म्हणतेस. येऊ नकोस. नदीकडच्या खोलीचं छप्पर गळतं, पायऱ्या निसरड्या झाल्यात. तुझ्याकडे दवाखाना घराजवळ आहे, इथे काय सोनं लागलंय?

तू आता फुगून बसशील, म्हणून खरं लिहिते. छप्पर गळत नाही.

मागे एक नदी तपासणारा आला होता. काडीसारखा माणूस, गुडघ्यापर्यंत बूट. पाण्याच्या बाटल्या भरल्या, मग काठचा गाळ डब्यांत भरायला लागला. म्हटलं, "चिखल कशाला, बायकोला नेताय?" तर म्हणतो, "आजी, पाणी वाहून जातं. खाली काय बसलंय ते बघायचंय."

परत आला तेव्हा हसला नाही. पाणी चांगलं निघालं. गाळात शिसं निघालं, आणि कॅडमियम म्हणून दुसरा एक धातू. वरच्या अंगाला मुलामा द्यायचा कारखाना होता ना, त्याचं. म्हटलं, अहो, त्याचं कुलूपसुद्धा गंजून पडलं. तो म्हणाला, धातू कुजत नाही. वाळूला फारसा धरत नाही, बारीक गाळाला चिकटतो आणि पुराबरोबर खाली येतो.

बारीक गाळाला. पूर ओसरला की आपण काय करायचो, तुला ठाऊक आहे. गाळ बोटांत चोळून बघायचा. खरखरीत लागला तर टाकून द्यायचा, लोण्यासारखा लागला तर पालेभाजीच्या वाफ्यात. त्यावरच तर आपला पाला बाजारात आधी उठायचा.

तुझ्या भावाची चिमुरडी लेक आता किती बोलते, असं विचारलंस. बोलत नाही. 'दे' आणि 'नको' येत होतं, तेही गेलं. वाफ्यात बसून माती चाटायची, आम्ही हसायचो. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, वाढू नये एवढं बघू, गेलेलं परत येईल असं सांगत नाही. तुझी वहिनीही माझ्याशी बोलत नाही. घरात दोघी मुक्या झाल्यात.

नदी उपसून टाका म्हटलं, तर तपासणारा म्हणतो, ढवळली की गाळातलं पाण्यात उतरेल. म्हणजे ठेवलं तरी तेच, काढलं तरी तेच. मग वाफ्यातला पाला उपटून कुठे टाकू, ते विचारलं. त्याने बुटांना लागलेला गाळ खरवडून डब्यात भरला. पाला अजून उभा आहे, हिरवागार, मेला.

इथेच सही करणार होते. पण तू शेवटी लिहिलंयस, दिवस गेल्यापासून काही पोटात ठरत नाही, आजीने बांधून दिलेला वाळवलेला पाला तेवढा ठरतो.

तो फेकून दे. माझ्या हातचा म्हणून चिमूटभरही ठेवू नकोस. उद्याच डॉक्टरांकडे जा, शिशाचं नाव घेऊन सांग, रक्त तपासून घे. ते काय म्हणतात ते आईला कळव, ती मला सांगेल.

किती खाल्लास, ते मात्र इकडे कुणालाच लिहू नकोस.

आलीस तर दार न उघडणारी,
तुझी आजी