बेटावर बघण्यासारखं काही नाही

मु. वारळी, तालुका अलिबाग
दत्तजयंती, १९५९

सौ. केसर हिला,

आशीर्वाद लिहावा तर तू माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी, नमस्कार लिहावा तर मी तुझी वहिनी. म्हणून दोन्ही लिहिते, तुला पटेल ते ठेवून घे. इकडे सगळे खुशाल. भावोजींच्या गुडघ्यांचं कसं आहे? मिठागरात उभं राहून राहून धरतात ते. एरंडाचं पान शेकून बांध. सूनबाईला दिवस गेल्याचं तुमच्या करंजा बंदरावरच्या एका बाईकडून कळलं, म्हणजे तुझ्याकडून कळलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे. सात वर्षांत तुझी चार पत्रं आली, आणि चारही पत्रांत पहिली ओळ ‘मी रागावलेली नाही’ हीच. तेव्हा तू अजून रागावलेली आहेस असं धरूनच पुढचं लिहिते. (मिठाचं पोतं मात्र दरवर्षी न चुकता येतं. त्यावरही नाव माझंच असतं, तुझ्या दादाचं नसतं, हे काय मला दिसत नाही?)

आता तुझ्या कानावर कुणी तरी घालणारच, त्यापेक्षा मीच सांगते. मी बेटावर जाऊन आले. तुझ्याशिवाय. नऊ वर्षांच्या असताना आपण वाळूत शंख पुरून शपथ घेतली होती, की जाऊ तर दोघी जाऊ, नाही तर कुणीच नाही. ती शपथ मी मोडली. काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पण मनापासून सांगते, तू नव्हतीस ते बरंच झालं. बेटावर बघण्यासारखं काही नाही. दगड, काटेरी झुडपं आणि कुर्ल्या. एवढ्यासाठी आपण लहानपणी किती झुरलो, आठवलं की हसू येतं.

झालं असं, की तालुक्याच्या विकास ब्लॉककडून आमच्याकडे ग्रामसेविका आली आहे, नीराबाई नावाची. पोर गुणाची, पण घाटावरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा उन्हाळ्यात हा आटतो का असं विचारत होती. तिनं आल्या आल्या महिला मंडळ काढलं, मग आमच्या घरी निर्धूर चूल बसवली (धूर गेला खरा, पण चुलीची ऊबही गेली, मांजर रागावून शेजारी झोपायला जातं), आणि मग म्हणाली, आता बायकांचं शिबिर घेऊ. दोन दिवस, एक रात्र, घरापासून लांब. घरापासून लांब म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण माहेर सोडून लांब असं कुठं गेलोय आपण कधी? आणि माझा हात वर गेला. मी वर केला नाही, तो गेला. तोंडातून शब्द बाहेर पडला, बेट. रोज अंगण झाडताना समोर दिसतं, ओहोटीला चालत जाता येतं, गावातले पुरुष कालवं काढायला सतरांदा जातात, आणि गावातली एकही बाई तिथं गेलेली नाही.

तुझ्या दादाचा स्वभाव तुला ठाऊक. बेटावर काय ठेवलंय, हा एकच प्रश्न तीन दिवस चालला होता. मी म्हटलं, ते बघायलाच जाते. मग निघायच्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, मीठ कुठं असतं? सव्वीस वर्षं माझ्या हातचं जेवतोय, त्याच्याच बहिणीचं मीठ, आणि हा प्रश्न. मीही सांगितलं नाही. म्हटलं, शोधा.

दशमीला दुपारच्या ओहोटीला आम्ही बारा जणी आणि नीराबाई अशा निघालो. डोक्यावर टोपल्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. ब्लॉकनं राहुटी दिली होती, खाकी कापडाची. बेटावर जाऊन उघडली तर कापड आहे, दोऱ्या आहेत, खुंट्या आहेत, खांब नाहीत. कागदावर ‘खांब मागाहून’ असं लिहिलेलं. नीराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सखुबाई म्हणाली, पोरी, रडतेस काय, आमी हाव ना. (सखुबाई म्हणजे धर्माजीची बायको, खालच्या आळीतली. तुझ्या लग्नात जिनं तुझ्या सासूला विहिणीच्या गाण्यात नाव ठेवलं ती. गळ्यात माळ आहे, पण जिभेला नाही.) वाहून आलेल्या झावळ्या पडल्याच होत्या. तासाभरात आम्ही त्या विणून दोन खोपटी उभी केली, आणि राहुटीचं कापड खाली अंथरलं. नीराबाई वहीत लिहीत होती, ‘स्थानिक साधनांचा उपयोग’. मग संध्याकाळी तिनं आम्हाला जीवनसत्त्वं शिकवली आणि सकाळी कवाईत घेतली. ‘उजवीकडे वळ’ म्हटल्यावर सखुबाई आधी विचारायची, कशाला?

इथपर्यंत सगळं छान होतं. घोटाळा केला एकादशीनं.

तुला आपला हिशेब ठाऊकच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आजोबांनी आपल्याला बोटांवर शिकवलेला. पण त्यासाठी आधी तिथी कोणती ते ठरायला हवं, आणि यंदा पंचांगात एकादश्या दोन. पहिल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. परतायच्या दिवशी माझा आणि पाच जणींचा उपास. आमच्या मते एकादशी, म्हणजे सव्वादोनला ओहोटी. सखुबाईकडच्या माळकरणी. त्यांच्या मते आज दशमीच, उपास उद्या, म्हणजे दीडला ओहोटी. तिनं दीडला टोपली उचलली, तर मी म्हटलं, एकादशी खोटी ठरवून कुठं चाललात? ती म्हणाली, माझा इठ्ठल खोटा का तुझं पंचांग खोटं ते सांग. नीराबाईनं नियमच केला होता की जायचं तर सगळ्यांनी बरोबर. ती बिचारी मनगटावरचं घड्याळ धरून दोघींच्या मधे उभी. दीड आणि सव्वादोन यांत अंतर पाऊण तासाचं, आणि आम्ही भांडलो अडीच तास. एकादशीवरून तिच्या सासूवर गेलो, सासूवरून माझ्या हळदीकुंकवाच्या वाटीवर, तिथून परत पंचांगावर. समुद्राकडे आमची पाठ होती. शेवटी नीराबाई अगदी हळू म्हणाली, मावशी, चार वाजले, आणि हे पाणी आता येतंय का जातंय?

येत होतं. त्या वेळी सखुबाई गप्प बसली असती तर मीही बसले असते. पण ती म्हणाली, बघ तुझी एकादशी. झालं. टोपली डोक्यावर घेतली आणि मी सरळ पाण्यात उतरले. माझी तिथी खरी आहे हे मला दाखवायचं होतं, कुणाला ते विचारू नकोस. माझ्या मागं एकामागोमाग सगळ्या. सखुबाईसुद्धा, भांडण अर्धं राहिलं होतं ना. पाणी आधी पोटरीला, मग गुडघ्याला, मग मांडीला. पलीकडे किनाऱ्यावर आमचे पुरुष येऊन उभे होते, भुकेले. (होडी का नाही आणली म्हणशील, तर होड्या सगळ्या मासळीला खोल पाण्यात गेलेल्या.)

आम्हाला असं मधे आलेलं बघून ते ओरडायला लागले. आता केसर, तूच विचार कर. आपल्याकडे कुठला नवरा चारचौघांत बायकोला नावानं हाक मारतो? धर्माजी ओरडला, अगोऽ. दुसरा ओरडला, अगोऽ ए. तिसऱ्यानंही तेच. बारा बायका पाण्यात, आणि किनाऱ्यावरून नुसतं अगो, अगो. प्रत्येकीला वाटलं, दुसरीला बोलावतायत. ठमी म्हणाली, कुणाला हाक मारतात गो? सखुबाई म्हणाली, तुला. आणि सगळ्या पुढं चालल्या. मी सगळ्यांत पुढं.

आणि तेवढ्यात हाक आली, ‘केसरेऽ, माघारी फिर गोऽ’.

माझे पाय तिथल्या तिथे वळले. मी वळवले नाहीत. पस्तीस वर्षांपूर्वी आपण दोघी खडकांवरून पुढं पुढं जायचो, तू पुढं, मी मागं, आणि तेरा वर्षांचा तुझा दादा किनाऱ्यावरून अशीच हाक मारायचा. माझं नाव तो कधी घ्यायचा नाही, कारण तू वळलीस की मी वळणारच हे त्याला ठाऊक होतं. (लग्न ठरलेलं नसताना घेतलं नाही आणि ठरल्यावर तर नाहीच. म्हणजे या माणसानं माझं नाव जन्मात घेतलेलं नाही.) बेटाकडे तोंड करून ओरडायला त्याच्या तोंडाला बाईचं एकच नाव माहीत होतं, तेच बाहेर पडलं. मी वळले तशा मागच्या अकरा जणी आणि नीराबाईही वळल्या. आणि माझ्या पुढच्या पावलाला काय होतं सांगू? ती घळ. पुरुषभर पाणी. आपल्या दोघींना ती तोंडपाठ होती, मी विसरले, तो विसरला नव्हता.

मग दुसरी रात्र बेटावरच काढली. सकाळी एकच रताळं उरलं होतं, अर्ध्यानं माझा उपास सुटला आणि अर्ध्यावर सखुबाईचा सुरू झाला. त्यानंतर आम्ही तिथीचं नाव काढलेलं नाही. दुपारी पाणी पुरतं उतरायच्या आधीच तुझा दादा धोतर खोचून सगळ्यांच्या पुढं आला, हातात भाताचं गाठोडं. भात अळणी. मीठ सापडलं नव्हतं. मी सगळा खाल्ला. परत येताना धर्माजीनं त्याला विचारलं, दयारामा, काल कुणाला हाक मारलीस? तर म्हणतो, घसा साफ केला. वाटेत मला हळूच म्हणाला, ऐकू आली? मी म्हटलं, जिला मारली तिला विचारा. घरी आल्यावर पडवीत पाटावर जाऊन बसला.

तो पाट तुला माहीत नाही. तू कोय पुरून वाढवलेला दारातला आंबा त्यानं पडवीच्या वाशांसाठी तोडला, तुला विचारलं नाही, आणि तू दुसऱ्या दिवशी गाडी धरलीस. त्याच आंब्याच्या एका फळीचा पाट करून घेतला आहे. सात भाऊबीजा झाल्या, दर भाऊबीजेला तो मांडतो, त्यावर बसतो, आणि कुणी विचारलं तर पाय दुखतात म्हणतो. त्याचं चुकलं, केसर. आणि माझंही चुकलं. कुऱ्हाड पडत होती तेव्हा मी चुलीपाशी गप्प बसले होते. मला ते झाड तुझं आहे हे त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तुला हे सांगायला मला सात वर्षं लागली, त्याबद्दल मला लाज वाटते.

असो. बाकी विशेष काही नाही. मोठ्यांना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद, तिला पाण्याचे हंडे उचलू देऊ नकोस.

तुझी शपथमोडी मैत्रीण आणि वहिनी,
तुळशी

ता. क. बेटावर बघण्यासारखं काही नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. मधोमध एक विहीर आहे, चहूकडे खारं पाणी आणि हिचं गोड. आणि तिच्या काठावर उभं राहिलं की आपलं दार दिसतं, चुलीचा धूर दिसतो (आता दिसत नाही, नीराबाईमुळे). आपण जन्मभर इकडून तिकडे बघत राहिलो, तिकडून आपलं घर कसं दिसतं ते पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं आणि रडले. तू शेजारी हवी होतीस म्हणून.

दुसरा ता. क. तेव्हा संक्रांतीला ये. करंज्याहून तरीच्या होडीनं रेवसला, तिथून एसटी. चांगली आठ दिवस राहा, त्यात एखादी ओहोटी मिळेलच. फक्त तुम्ही उरणकर एकादशी कुठली धरता, स्मार्त का भागवत, ते आधी कळव. मी दुसरी धरीन असं नाही, पण भांडण किनाऱ्यावरच उरकून घेऊ.

तिसरा ता. क. पत्र बंद करताना माझ्या लक्षात आलं की तुझा नवा पत्ता माझ्याकडे नाही, तू घर बदलल्याचं नुसतं ऐकून होते. तुझा दादा पाटावरूनच सगळा पत्ता बोलला, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळासकट. कधी जाऊन आला, का कुणाकडून विचारून घेतला, सांगत नाही. मग म्हणाला, तुझं अक्षर पोस्टमनला लागत न्हाय, आण इकडं, आणि पाकिटावर तुझं नाव त्यानंच लिहिलं. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडलं तेव्हा ते अक्षर तू ओळखलंच असशील, आणि मी एवढी पानं उगाचच लिहिली.