सुंदरा सुईणीचा नथ्थू

आंधळगाव,
दि. ४ ऑगस्ट १९७८

चि. सौ. चंद्रकला हिस लक्ष्मणकाकांचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम. धानाची रोवणी आटोपली. पत्रास कारण असे की, दर पितृपक्षात कारध्याच्या घाटावर गुरुजी बाप, आजा, पणजा अशी तीन नावे विचारतात. वडील दादाजी, आजोबा नथ्थूजी. तिसऱ्या नावापाशी मी मुका होतो आणि पाणी निनावी सोडावे लागते. माझी प्रकृती पाहता पुढील वर्षाचा भरवसा धरवत नाही. इंग्रजी अमलातील जमीन-बंदोबस्ताचे, म्हणजे शेतांच्या मोजणी-साऱ्याचे, कागद नागपुरास आहेत असे ऐकतो. माझे शिक्षण चौथी, अर्थात त्या काळची; तरी हे काम तुझ्यासारखीचे आहे. माझ्या पणजोबांचे नाव शोधून द्यावे.

तुझे यजमान व मुले यांस आशीर्वाद. काकाची आठवण असू द्यावी.

लक्ष्मणराव

नागपूर,
दि. २२ ऑगस्ट १९७८

ती. काकांस चंद्रकलेचा सा. न. वि. वि.

रोज दुपारी सरकारी दप्तरखान्यात जाते आणि शिंकत घरी येते. आपले गाव एका कागदात एका परगण्यात, दुसऱ्यात भलत्याच. आडनावे नाहीत, आणि गावात नथ्थू तर जिकडेतिकडे! तुमच्या पणजोबांपेक्षा वाळवीचे घराणे अधिक सलग सापडते. तरीही तळ्याखालची आपली धानाची बांधी ज्यांच्या नावे आहे, ते नथ्थूजी अखेर सापडले.

पण काका, इतर साऱ्यांपुढे बापाचे नाव आहे. नथ्थूजींपुढे फक्त ‘सुंदरा सुईण हिचा मुलगा’ एवढेच. कारकुनाची चूक असेल का? रागावू नका.

तुमची माया आहेच, ती या पत्रानंतरही राहावी.

चंद्रकला

लाखनी,
दि. ५ सप्टेंबर १९७८

चि. लक्ष्मणले जनाबाईचा आशीर्वाद.

शेजारच्या मास्तरीणबाईकडून लिहवून घेऊन राहिली. बोलते तसंच लिहा म्हटलं.

तुझं तणतणतं पत्र भेटलं. आपल्या घराण्यात कोणी सुईण नाही, परजातीची तर नाहीच, कारकून बेइमान, असं कायकाय लिहिलंस! पोरीवर काहून रागावून राहिला? तिनं खरं तेच धाडलं. आजाच्या आधीची लेकरं जगतच नव्हती. मंग आजा जन्मला तसा त्याले सुपात घातलं अन् सुईणीनं पायलीभर कोदो देऊन इकत घेतलं. नाक टोचलं, म्हणून नथ्थू. लेकरू या घरचं नाही, तिचं, असं मरणाले वाटलं पाहिजे ना! वाढला घरातच, पण बापानं त्याले कधी बेटा म्हटलं नाही, अन् त्यानं बापाचं नाव तोंडातून काढलं नाही. आजी मले हे सांगे, तवा तू शाळेत छड्या खाऊन राहिला होता. सासऱ्याचं नाव तिलेही मालूम नव्हतं.

आता नाक नको मुरडू. औषध घेत जा. मोठ्या बहिणीची एवढी तरी गोष्ट ऐक.

जनाबाई

आंधळगाव,
दि. ३ ऑक्टोबर १९७८

चि. सौ. चंद्रकला हिस अनेक आशीर्वाद.

ती. जनाबाईच्या उत्तराची नक्कल सोबत धाडीत आहे. ते वाचल्यापासून मी थक्क आहे. बंदोबस्ताच्या वेळी आजोबा चाळिशी ओलांडलेले, लेकुरवाळे गृहस्थ. समोर सरकारचा कारकून, पुढ्यात आपली बांधी. बापाचे नाव सांगणे किती सोयीचे होते! तरी ते म्हणाले, मी सुंदराचा. कदाचित तोवर त्यांचे वडील वारलेही असतील. मरण अजून कान देऊन ऐकत आहे, असेच त्यांस वाटत असावे. बापाने मुलासाठी स्वतःचे नाव झाकले, मुलाने ते जन्मभर झाकलेले राखिले, आणि त्या झाकणाखाली माझे वडील, मी, तू, तुझी मुले, असे आपण सारे जन्मलो. ते नाव आता सापडणार नाही. शोध थांबवावा.

काल सर्वपित्री झाली. वैनगंगेत उभा असता तिसऱ्या नावाच्या जागी मी सुंदरा असे म्हणालो. गुरुजी थबकले. ही तुमच्या घराण्यातील कोण, असे त्यांनी विचारले. आम्ही तिच्या घराण्यातील, असे मी सांगितले. मग त्यांनी ओंजळ सोडावयास सांगितली.

मुलांस हे वाचून दाखवावे, आणि या म्हाताऱ्यावर आहे तेवढी माया ठेवावी.

लक्ष्मणराव