थर्झाचं माप

३ फेब्रुवारी

जळणाच्या टोपलीत हेझलची काडी सापडली. चुलीत टाकणार तोच बोटाला कोरलेलं अक्षर लागलं. थर्झाचं अक्षर. काडी उघडी — तिच्यावर गुंडाळलेला दोरा नाही.

दोरा कुठे गेला ते मला तिथल्या तिथे कळलं. तरी बिस्किटांचे दोन्ही डबे पालथे घातले, गालिचा उचलला, मांजरीच्या टोपलीतही हात घालून पाहिला. माणूस स्वतःला किती वेळ फसवू शकतो त्याला काही मर्यादा नाही.

गेल्या आठवड्यात वाती संपल्या होत्या. इम्बोल्कच्या, म्हणजे मेणबत्त्या पेटवायच्या सणाला दोन दिवस राहिलेले, मेण वितळून तयार. फडताळातला डबा उघडला, तर तळाशी सुताचा गुंता. वाटलं, जुनं उरलंसुरलं असेल. तीन गाठी होत्या, सुटेनात. चार शिव्या घातल्या, आठपदरी करून गाठींसकट वळला आणि मेणात बुडवला. आतलं कोण बघतंय! त्या गुंत्यातून एक काडी गळून पडलेली, ती जळणात टाकली.

बावीस वर्षांपूर्वी थर्झाला आमच्या देवीपूजकांच्या मंडळात घेतलं तेव्हा तो दोरा मीच धरला होता. टाचेपासून डोक्यापर्यंत उंची. मग डोक्याभोवती, छातीभोवती, कमरेभोवती वेढा, आणि वेढा जिथे पुरा होतो तिथे तिनं स्वतः मारलेली गाठ. तिचा बाप मासेमार, म्हणून जाळ्याची गाठ. "आता मी तुझ्या मुठीत," असं म्हणाली होती. माप सांभाळणारी मी. कुणी मंडळ सोडलं तर त्याचं माप परत द्यायचं, कुणी मेलं तर त्याच्याबरोबर मातीत. बाकीच्यांची अशीच गेली. नव्यानं आलेल्या एलोवेननं तिचं स्वतःकडे ठेवलं, आजकालच्या मुलींची रीत. डब्यात दोनच उरली होती — थर्झाचं आणि माझं.

आणि परवा सणाला माळावरच्या दगडांच्या रिंगणात जमलेल्या सगळ्यांना मेणबत्त्या वाटल्या, त्यातली या वातीची सगळ्यात सुबक उतरली होती म्हणून मी ती कुणाला दिली? थर्झालाच. तिनं स्वतःच्या हातानं पेटवली. ज्योत दोनदा तडतडली. एलोवेन म्हणाली, "मॉर्वेनमावशीच्या मेणबत्त्या बोलतात." मी फुशारले! थर्झानं मेणबत्ती उलटसुलट करून पाहिली, दोन बोटांत ज्योत चिमटली आणि उरलेली कोटाच्या खिशात टाकली. म्हणाली, "वारा आहे." वारा नव्हता.

४ फेब्रुवारी

सांगायला हवं. उद्या सांगते.

११ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

थर्झा सकाळी आली होती. जत्रेसाठी खराटे बांधायचे म्हणून बर्चच्या फांद्यांची मोळी घेऊन. मोळी तिच्या नवऱ्यानं आणली खरं तर, ती मागून धापा टाकत. केशरी बन अर्धाच खाल्ला. हिवाळ्यात फारच वाळली आहे. मी चहा ओतताना तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "तुझ्यासारखी हातानं करणारी माणसं आता राहिली नाहीत बघ. एलोवेन सगळं घरपोच मागवते. देवीसुद्धा खोक्यातून येते तिच्याकडे." आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यात सांगायचं राहून गेलं.

खोटं लिहिते आहे. राहून गेलं नाही. मीच गिळलं.

यामागची खरी गोष्ट इथेही लिहिली नाही अजून. मला नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सप्टेंबरात डॉक्टरनं सांगितलं. कुणाला बोलले नाही. ज्या बाईच्या हातच्या वस्तूंसाठी लोक तीन गावांवरून येतात, तिला काडीवरचा दोरा आणि वातीचं सूत यातला फरक कळत नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

२६ फेब्रुवारी

डेन्झिल एकटाच आला. दारातच टोपी काढून उभा राहिला. थर्झाचा नवरा असा कधी उभा राहत नाही, तो सरळ स्वयंपाकघरात येऊन भांड्यांची झाकणं उघडतो.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला. उन्हाळा दिसेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

"कधीपासून म्हणे?" मी विचारलं.

"गेल्या शरदापासून तरी असणार म्हणतात."

म्हणजे मेणबत्तीच्या कितीतरी आधीपासून. मला बरं वाटलं. जिवाभावाची मैत्रीण मरणार हे ऐकताना मला आधी सुटल्यासारखं वाटलं! डेन्झिल माझ्या खुर्चीवर बसून रडत होता आणि मी मनात महिने मोजत होते.

माप जाळलं म्हणून माणूस मरतो असं मी मानत नाही. एलोवेनला मीच शिकवलंय, दोरा म्हणजे शब्द, दुसरं काही नाही. पण दिलेला शब्दच तर मी जाळला.

९ मार्च

थर्झाचा सणाचा झगा शिवणीत आत घ्यायला गेले. खांद्यावरून नुसता लोंबतो. टाचण्या लावताना तिची हाडं बोटांना लागत होती. छाती, कंबर, सगळं नव्यानं मोजून पाकिटाच्या पाठीवर लिहिलं.

ती म्हणाली, "झाडांच्या दफनभूमीत जागा घेतलीय. ओकच्या खाली. डेन्झिल म्हणतो मुळांना माझी बडबड सहन होणार नाही." मग म्हणाली, "माझं माप आण हं. माझ्या हातात देऊन ठेव. ते सोबत असलं की मला बरं."

तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलता आलं नाही. टाचण्या नसत्या तरी बोलले नसते.

"आणशील ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

१२ मार्च

आज केलं.

सूत घेतलं. पाकिटावरच्या आकड्यांनी मोजलं. उंची मला पाठ आहे. गाठी तशाच मारल्या, जाळ्याच्या — तिनंच मला शिकवलेल्या. चहात उकळलं. सुकल्यावर नागदवण्याच्या धुरावर धरलं, राखेत घोळलं, झटकलं, पुन्हा चहात. भिंगाखाली धरून एक-दोन ठिकाणी सुईनं तंतू उसवले, जुनं सूत विटतं तसे. मग तिच्या हेझलच्या काडीवर गुंडाळलं.

इतकं सफाईदार काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. खिडकीत उजेडाला धरलं आणि क्षणभर खूश झाले. म्हटलं, अजून हात आहेत! मग काडी खाली ठेवली आणि मोरीत जाऊन हात घासत बसले.

२१ मार्च

दिवस-रात्र सारखे होण्याचा दिवस. थर्झाला माळावर येणं जमत नाही, म्हणून एलोवेन आणि मी तिच्या घरी गेलो. एलोवेननं अंडी रंगवून आणली होती, कांद्याच्या सालीत. (स्वतः रंगवलेली. पोरगी शिकते आहे.) ती चहा करायला आत गेली तेव्हा मी काडी थर्झाच्या हातात दिली.

तिनं दोरा हळूहळू सोडला. वास घेतला. म्हणाली, "उठव मला जरा." तिला बसतं केलं. तिनं दोरा छातीभोवती घेतला, मी मागून टोक दिलं. गाठ बरोब्बर बोटाखाली आली. कमरेलाही तसंच.

"बावीस वर्षांत सुतभर फरक नाही," ती म्हणाली.

"चांगलं सूत होतं," मी म्हटलं. "ताणत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात हातात घेतला, अंगठ्यावर चहाचा डाग होता तिथे बोट फिरवलं. म्हणाली, "छान केलंस, आणलंस ते."

एलोवेन चहा घेऊन आली. मी तिघींना दूध घातलं. घरी येताना मला हलकं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटत होतं. सुटले एकदाची, असं.

२ एप्रिल

जत्रेसाठी औषधी पाल्याच्या पुरचुंड्या शिवायच्या म्हणून चिंध्यांची पिशवी काढली. वरतीच थर्झाच्या झग्याच्या पट्ट्या. मार्चमध्ये आत घेताना कापलेल्या. दोन्ही बाजूंच्या, माझ्या पंज्याएवढ्या रुंद.

त्या हातात घेऊन बसले. आधी काही सुचलंच नाही. मग सुचलं.

बावीस वर्षांपूर्वीची थर्झा भरलेल्या अंगाची बाई होती. झगा मी त्या मापावर शिवला होता. तेव्हाचा दोरा आज तिच्या छातीला दीड वेढे बसला असता. गाठ पार पाठीमागे गेली असती. आणि मी काय नेलं? पाकिटावरचे आकडे. नऊ मार्चची थर्झा. मरायला टेकलेल्या बाईचं माप आणि म्हणे बावीस वर्षांचं जुनं!

जन्मभर कपडे बेतले मी. थर्झानं जन्मभर मी शिवलेले कपडे घातले. छातीला दोरा लावताक्षणी तिला कळलं. "सुतभर फरक नाही." आणि मी म्हटलं, ताणत नाही!

दुपारभर तशीच बसले होते. मांजर पट्ट्यांवर झोपून गेली.

५ एप्रिल

सांगायचंच असं ठरवून गेले. वाटेत वाक्य पाठ केलं: थर्झा, तुझं माप मी जाळलं. पाच शब्द, पोरानं म्हणावेत इतके सोपे.

ती खिडकीपाशी पडलेली. आवाज अगदी बारीक. मी खुर्ची ओढली, तर तिनंच सुरुवात केली. "डोळे दाखवलेस का?"

"कुणाचे?"

"मांजराचे. तुझे गं बाई. वर्षभर तुझ्या खराट्यांना एक वेढा कमी असतो. आम्ही मागून बांधून घेतो."

आम्ही! म्हणजे सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "दाखवले. मोती आलाय दोन्हीत."

"मग काढून घे. त्यात काय मोठं." तोंड माझ्याकडे वळवलं. "आणखी काही सांगायचंय?"

तिनं दार उघडून धरलं होतं. फक्त आत पाऊल टाकायचं होतं. डेन्झिल बाहेर लाकडं फोडत होता, तेवढा एकच आवाज येत होता. ती वाट बघत होती हे मला न दिसणाऱ्या डोळ्यांनीही दिसत होतं.

मी म्हटलं, "नाही गं. सूप करू थोडं?"

तिनं डोळे मिटले. "कर," म्हणाली.

१० एप्रिल

गेले होते. झोपेतच होती, औषधाच्या. कानाशी वाकून सांगावं असं वाटलं. झोपलेल्या माणसाला सांगणं ही आणखी एक लबाडी झाली असती. लीकच्या पातीचं सूप करून ठेवलं. डेन्झिलनं खाल्लं.

१३ एप्रिल

थर्झा गेली. सकाळी साडेदहाला.

१४ एप्रिल

एलोवेन आणि मी तिला झगा घातला. तो आता तिला पुन्हा मोठा झालाय. एलोवेन रडत म्हणाली, "मावशी, निदान तिचं माप तुम्ही जपून ठेवलंत." मी बटणं लावत राहिले.

१८ एप्रिल

ओकखाली ठेवली तिला. विलोच्या फांद्यांची शवपेटी, झाकण अजून उघडं, तिच्यावर प्रिमरोझची फुलं. मी वाट बघत होते, डेन्झिल कधी तो खोटा दोरा तिच्या हातात देतो. त्यानं खिशातून काडी काढली आणि माझ्याच हातात दिली.

"हे तुझ्याकडे ठेवायला सांगितलंय तिनं. म्हणाली, मॉर्वेनला सांग, हेही खरंच माप आहे. माझं शेवटचं."

मग दुसऱ्या खिशातून मेणबत्ती काढली. इम्बोल्कची, अर्धी जळलेली. बुडाला वातीचं टोक बाहेर राहिलेलं, मला दिसलं नव्हतं ते. त्यानं माझं बोट धरून त्यावर ठेवलं. गाठ होती. जाळ्याची.

"त्या दिवसापासून उशाशी होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, जाऊन विचार तिला. तर म्हणे, छे, येईल ती सांगायला. आली की दोघी पोट धरून हसू."

मेणबत्ती त्यानं तिच्या हातात दिली.

दहा आठवडे. मी नऊ वेळा गेले होते. दर वेळी सूप केलं.