फळ्यावरचा बाल्या डान्स

बाबा, काल कुरियरनं पायातला घुंगरांचा चाळ आला. जोडी साडेसातशेला, एकाच पायाचा मागितला तर मिळत नाही म्हणे. सोबत तांबडा शेला, दोनशे चाळीस. आमच्या जोगेश्वरीच्या सोसायटीत माघी गणपती बसतो, त्यात माझी नात आणि तिच्या चार मैत्रिणी तुमचा बाल्या डान्स करणार आहेत. मोबाइलवर बघून शिकल्या. परवा मला म्हणाली, "आजी, बाल्या मराठी आणि डान्स इंग्रजी, हे असलं नाव कुणी ठेवलं गं?" मग तिनंच शोधलं. इंग्रजांनीही हा शब्द फ्रेंचांकडून घेतलाय, ते म्हणतात दांस. पोर्तुगीज दांसा म्हणतात, जर्मन टांट्स. मला आपल्या भांडुपच्या चाळीतल्या मंगळुरी काकी आठवल्या, त्या 'डॅन्सु' म्हणायच्या. आणि तुम्ही 'डानस'. शब्द बिचारा दारोदार फिरला आणि ज्या घरी जेवला तिथल्यासारखं बोलायला शिकला. तुम्हाला हे ऐकून मजा वाटली असती. म्हणून देवापुढं निरांजन लावून कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता तो फळा आठवला.

मी नववीत आहे, चाळीत गणपती बसलेत. तुम्ही कारखान्यातून पहिली पाळी करून आलाय, हात अजून तेलकट, त्यात खडू. "बाय, तुजं अक्षर चांगलं. लिव फळ्यावर, आज सात वाजता बाल्या डानस." मी चाळीच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्यावर ठळक लिहिते, 'जाखडी नृत्य'. तुम्ही बोट ठेवून वाचता. "ह्ये काय गो?" मी म्हणते, "शाळेतल्या बाईंनी सांगितलं, हेच शुद्ध नाव." तुम्ही लगेच मान डोलावता. "बाई बोलल्या म्हंजे बराबरच आसंल."

त्या संध्याकाळी सतरंजीवर आपली चार घरं आणि दोन म्हाताऱ्या, बाकी सगळी सतरंजी रिकामी. एरवी तुमचा नाच म्हटलं की घाटावरचे, भय्ये, गुजराती, सगळी चाळ पायरीवर जागा धरून बसायची. तुम्ही मधे बसलेल्या ढोलकीवाल्याभोवती तसाच पूर्ण फेर धरलात, घामानं शेला भिजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी नळावर समोरच्या मावशी म्हणाल्या, "अगो, बाल्या डान्स होता होय? आम्हाला वाटलं, शाळेतल्या पोरींचं कायतरी भरतनाट्यम हाय!" आई माझ्यावर उखडली. तुम्ही नाही. एवढंच म्हणालात, "गणपती बसला होता की बघायला. पन बाय, माणसाला बोलवायचं तर त्याला कळंल असं बोलवावं."

बाबा, बाईंनी मला काहीही सांगितलं नव्हतं. मुंबईत घरकामाला राहिलेल्या आपल्या कोकणातल्या माणसांना लोक 'ए बाल्या' म्हणून हाक मारायचे, आणि वर्गातल्या एका मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुझे बाबा बाल्या ना गं?" ते नाव मला माझ्या अक्षरात लिहायचं नव्हतं. तुम्हाला ती हाक माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकावी लागली असणार. तरी तुम्ही तेच नाव लिहायला सांगितलंत, आणि मी बाईंचं नाव पुढं केल्यावर जाखडी हे नावही मानून घेतलंत.

आज सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी नातीला विचारलं, फळ्यावर लोकनृत्य लिहायचं ना? ती माझ्याकडं बघायला लागली. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'बाल्या डान्स, शनिवारी सात वाजता, सर्वांनी यावे'. अक्षर अजून बरं आहे.

आता एकच अडलंय. नात विचारते, "आजी, चाळ एकाच पायात ना? उजव्या की डाव्या? मोबाइलवर उलटसुलट दिसतंय." मी म्हटलं, सांगते. पण मला सांगता येत नाही. घुंगरांचा आवाज अजून कानात आहे, पाय मात्र डोळ्यांपुढं येत नाही. सातवी-आठवीपासून तुम्ही नाचायला उभे राहिलात की मी तोंड फिरवून बसायचे.

हे पत्र देवघराच्या खणात ठेवते, तिथून पुढं कुठं पाठवणार. नाच शनिवारी आहे. उजवा की डावा, तेवढं उलट टपाली कळवा.