तेओफिलोच्या टेबलावरचा एकच ग्लास

साउथहॅम्प्टन,
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय रचना,

सप्रेम जयभीम. एडिनबरात एव्हाना गारठा पडला असेल. हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून निघताना स्कार्फ विसरत जाऊ नकोस. इकडे बॉयलर दुरुस्त झाला. बागेतल्या सफरचंदांना यंदा कुणी हात लावला नाही, ती झाडाखालीच सडली.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तू म्हणतेस, "बाबा, प्लीज, भाषण नको. प्रॅक्टिकल बोला." बर्मिंगहॅमपासून ग्लासगोपर्यंत हॉल गाजवणाऱ्या माणसाला मुलीशी साधं बोलता येत नाही, हे मान्य. दुसरं म्हणजे आपला फोन पॅसेजमध्ये आहे, आणि आई हल्ली तिथून जवळच बसते. तुला मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे. शनिवारी शनिवारी तुला बाराखडी शिकवली ती बहुधा या पत्रासाठीच.

आधी चांगली बातमी. आई जेवली. पोटभर जेवली. फक्त घरी नाही.

मेमरी क्लिनिकमधून परतताना पाऊस लागला म्हणून आम्ही बंदराकडच्या रस्त्यावर एका दारात शिरलो. आत चार टेबलं, भिंतीवर लोकरीचं विणलेलं कापड आणि मक्याचा वास. पेरू देशातल्या कुटुंबाची ती खानावळ. रोसाउरा नावाची बाई स्वयंपाक करते आणि तिचे म्हातारे वडील तेओफिलो गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मधूनमधून रोसाउरा कढईपाशी उभी राहूनच भाषांतर करते.

तेओफिलोंनी बिअरची मोठी बाटली आणली. मी म्हटलं, आम्ही पंचशील पाळणारे, दारू घेत नाही. म्हातारा आत गेला आणि तीच बाटली धुऊन तिच्यात जांभळ्या मक्याचं सरबत भरून आला. दालचिनी, लवंग आणि अननसाच्या साली घालून उकळलेलं. बाटलीबरोबर ग्लास मात्र एकच. मला वाटलं, बाकीचे विसरला. तो विसरला नव्हता. त्यांच्याकडे टेबलाला एकच ग्लास. आपण आपला ओतून घ्यायचा, बाटली शेजाऱ्याला द्यायची, प्यायचं, तळाचे थेंब जमिनीवर झटकायचे आणि मग रिकामा ग्लासही शेजाऱ्याला द्यायचा. न धुता.

थेंब जमिनीला का, असं मी विचारलं. रोसाउरा म्हणाली, धरणीमाता आहे. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. म्हटलं, आम्ही नैवेद्य मानत नाही. म्हातारा हसला आणि काहीतरी म्हणाला. रोसाउरानं आतून सांगितलं, "पापा म्हणतात, जमिनीला तहान लागते. तेवढ्यासाठी देव कशाला हवा? आणि म्हणतात, तुमच्या जेवणातला बटाटा आमचा, मिरची आमची, भाषण मात्र तुमचं."

तुझी आई त्या वेळी टेबलाशी नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसली होती.

आता ते लिहायला हवं, जे मी फोनवर तुला दर वेळी चुकवून सांगितलं. तू तुझ्या मोडक्या मराठीत विचारतेस, "आईचा वजन का कमी होतो? डॉक्टर म्हणतात गिळता येतं." मी म्हणतो, भूक नाही. रचना, तिला भूक आहे. ती माझ्या हातचं ताट घेत नाही. मागच्या दाराशी उकिडवी बसते, पदर सावरते आणि ओंजळ पुढे करते. ग्लास दिला तर हात मागे घेते. म्हणते, "विटाळ होईल जी. वरूनच टाका."

लहानपणी ती वाशीमकडच्या एका गावात आईबरोबर एका घरी जायची. तिची आई तिथे गोठा झाडायची. पाणी मागितलं की त्या घरचे मालक ओट्यावरून, उंचावरून, तिच्या ओंजळीत ओतायचे. भांड्याला तिचा हात लागायचा नाही. उरलेली भाकरीही अशीच वरून पडायची. सहा-सात वर्षांची होती ती.

हे तुला ठाऊक नाही, कारण लग्नानंतर तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. "तुम्ही सगळ्यांचं दुःख व्यासपीठावरून सांगता, सांगा. माझं सांगायचं नाही. आणि पोरीला तर नाहीच. तिची आई वाकलेली होती हे तिला कळायला नको." मी पाळलं. ज्या बाईनं माझ्या प्रत्येक सभेआधी उभं राहून भीमगीतं म्हटली, शाळेच्या कॅन्टीनमध्ये इंग्रजांच्या लेकरांना ताटं भरभरून वाढली, माझं भाषण लांबलं की मागून "अहो वक्ते, लोकांना भुका लागल्यात" म्हटलं, ती बाई मी तुला दाखवली. दुसरी झाकून ठेवली. आज ते वचन मोडतो आहे.

आजारानं तिच्या डोक्यातून कालचं पुसलं, मग तुझं बालपण, मग इंग्लंड, मग चळवळ. एकेक पायरी खाली उतरत ती नेमकी त्या ओट्याखाली जाऊन थांबली. मी जन्मभर जे वाचलं, जे बोललो, ते तिच्यापुढे रोज बोलतो. कायदा बोलतो, महाडचं तळं बोलतो. ती खाली मान घालून ऐकते. मोठ्या माणसाचं ऐकावं तसं. ती हल्ली मला ज्या नावानं हाक मारते, ते लिहायला हात धजत नाही.

तर त्या दिवशी तेओफिलो उठले. म्हाताऱ्या गुडघ्यांनी तिच्याशेजारी खाली बसले. स्वतः ओतून घेतलं, बाटली तिच्या हातात दिली, प्याले आणि रिकामा ग्लासही तिला दिला. ओतून नाही दिलं. बाटलीच दिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी हात लावू?" तेओफिलोंना वाटलं ती आभार मानते आहे. त्यांनी मान डोलावली. तिनं ओतलं, बाटली मला दिली, प्याली, थेंब झटकले आणि ग्लास माझ्यापुढे धरला. मी ओतून प्यालो. ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग उठून टेबलाशी आली आणि पिवळ्या मिरचीच्या रश्शातली पिंजलेली कोंबडी भातासकट संपवली. वर म्हणाली, "मीठ कमी आहे."

तेव्हापासून आम्ही शक्य होईल तेव्हा तिथे जातो. तिथे ती जेवते.

घरी मी सगळं करून पाहिलं. जांभळा मका आणला, उकळला, प्रेमानं तिच्या ग्लासात ओतला. तिनं हात मागे घेतले. मग चूक कळली. ओतणारा हात पुन्हा माझाच होता. तांब्या तिच्या हातात दिला. तिनं तो जपून खाली ठेवला आणि मागच्या दाराशी गेली. दोघांत ग्लास फिरत नाही गं. दोघांत एक देणारा राहतो आणि एक घेणारा. फिरायला तिसरं माणूस लागतं.

आता वाईट बातमी. तेओफिलोंना धाप लागते. त्यांना आपल्या डोंगरात जाऊन मरायचं आहे, आणि रोसाउरा त्यांना घेऊन कायमची चालली आहे. २५ तारखेला, शनिवारी दुपारी, शेवटचं जेवण. सोमवारी ती नर्सिंग होमची माणसं आईला तिकडे ठेवून घेण्यासाठी बघायला येणार, ज्यांना तू होकार दिला आहेस. मी तुला दोष देत नाही. तू वजनाचे आकडे बघितलेस आणि डॉक्टरांनी जे ठरवावं ते ठरवलंस. पण ती भली माणसं तिला कशी भरवतील ते मला दिसतं. ती खुर्चीत, नर्स उभ्या. चमचा वरून येईल. मायेनंच येईल, पण वरून. आणि ती ओंजळ पुढे करील, आणि ते बघून म्हणतील, पेशंट फार शांत आहे.

माझ्याकडे आता युक्तिवाद नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

शनिवारी ये. आमच्या दोघांच्या मध्ये बस. बाटली तुझ्याकडे आली की ओतून घे, पी, आणि ग्लास आईला दे. तिला काही समजावू नकोस, ‘आई, मी रचना’ असंही म्हणू नकोस. त्या दिवशी ती तुझ्या हातून प्याली, तर सोमवारी त्या लोकांना थांबव आणि थोडे दिवस आमच्याजवळ राहा. नाही प्याली, तर मी स्वतः तिची बॅग भरीन. भाषण करणार नाही.

आत्ता ती दाराशी बसली आहे. दार उघडं आहे आणि थंडी आत येते आहे. लावलं तर ती बाहेर जाऊन बसेल, म्हणून मी ते उघडंच ठेवतो.

तुझा बाबा,
ज्याला तुझी आई हल्ली ‘मालक’ म्हणते