राणी कोणीही असो, घर एमटचं

देवाला स्मरून, मी थॉमसिन रॅथबोन, जिला काही लोक थॉमसिन हेबर म्हणतात, राहणार केल्डवुड, परगणा यॉर्क, धंदा बिअर गाळण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. दोन्ही आडनावं मुद्दाम घातली आहेत; का ते पुढे येईल. माझं डोकं शाबूत आहे आणि जीभही, गावात कुणालाही विचारा. फक्त डाव्या छातीत गाठ आहे आणि ती वाढते आहे. आमची सुईण डायोनिस स्केफ हिने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "थॉमसिन, पुढचा नाताळ धरून चालू नकोस." तिने गोड बोलून फसवलं नाही, याबद्दल तिचे उपकार. हे लिहिताना मला कुणी पाजलेलं नाही की धमकावलेलं नाही. धमकावलं असतं तर त्याचं काय झालं असतं तेही गावाला ठाऊक आहे.

आमचे पाद्रीबाबा गिल्बर्ट लॉफ्टहाउस हे सगळं लिहून द्यायला आले होते. पहिल्याच ओळीला अडले.

"बाई, आत्मा कुणाच्या हवाली करता? एकट्या ख्रिस्ताच्या, की मेरीमाता आणि सगळ्या संतांच्याही?"

"त्याने काय फरक पडतो?"

"यॉर्कच्या कचेरीत मृत्युपत्राची पहिली ओळ वाचूनच माणूस नव्या धर्माचा की जुन्या, ते ठरवतात."

मग मी लेखणी त्यांच्या हातातून काढून घेतली. माझं अक्षर वाकडं आहे आणि शाई सांडते, पण वाचता येतं.

आत्मा: ज्याने दिला त्याच्या हवाली. वाटेत कोण कोण उभं आहे यावरून राण्यांचं भांडण आहे, माझं नाही.

देह: चर्चच्या आवारात, माझा नवरा ऑस्वल्ड हेबर याच्या शेजारी. मात्र आमच्या दोघांत हातभर जागा सोडावी. अगदी चिकटून पुरू नये. माझं त्याच्याशी अजून पूर्ण मिटलेलं नाही.

नवऱ्याची हकीकत आधीच सांगते, नाहीतर घराचं कलम कुणाला उलगडायचं नाही. ऑस्वल्ड या गावचा पाद्री होता. लहानगा राजा गादीवर असताना पाद्र्यांना लग्नाची मोकळीक मिळाली आणि आम्ही याच चर्चमध्ये, भर दुपारी, सगळ्या गावासमोर लग्न केलं. मुलगी झाली, एमट. ती दोन वर्षांची असताना राजा वारला, त्याची थोरली बहीण मेरी गादीवर बसली आणि पोपचा जुना धर्म परत आला. पुढच्या वर्षी पाद्र्यांना हुकूम आला की बायको सोडा, नाहीतर चर्च सोडा. ऑस्वल्डने बायको सोडली.

आम्हा दोघांना पश्चात्तापाची पांढरी चादर पांघरायला लावून, हातात पेटती मेणबत्ती देऊन, चर्चमध्ये गावासमोर उभं केलं. ऑस्वल्ड खाली मान घालून म्हणाला की हे लग्न म्हणजे पाप होतं. त्याचा धाकटा भाऊ रॅल्फ तेव्हा चर्चचा कारभारी होता. त्याचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्याने धर्मग्रंथावर हात ठेवून, मोठ्या आवाजात, बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी शपथ घेतली: "ही बाई माझ्या भावाची बायको नाही आणि कधीच नव्हती." त्याला कुणी एवढं विचारलंही नव्हतं. भाऊ आणि भावाची मिळकत एकट्याच्या हातात यावी म्हणून हा उत्साह. कुथबर्ट लोहार माझ्यामागे उभा होता, डायोनिस दाराशी होती. दोघंही आज जिवंत आहेत आणि दोघांचेही कान ठीक आहेत.

ऑस्वल्डला दुसऱ्या गावी धाडलं. मी एमटला कडेवर घेऊन पाद्र्याच्या घरातून बाहेर पडले. कुथबर्टने त्याच्या भट्टीमागची पडवी दिली. तिथे बार्ली भिजवली, मोड आणले, भाजली आणि बिअर गाळायला सुरुवात केली. पहिली खेप आंबट झाली. लोकांनी प्यायली आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्या खेपेपासून तोंड वाकडं करणारेच रांगेत पुढे उभे राहू लागले. त्याच राणीच्या राज्यात मी नदीकाठचं हे घर विकत घेतलं. खरेदीखत करताना कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" मी म्हटलं, "तुमच्याच धर्मपीठाने सांगितलंय की मला नवरा नाही." त्याने हसू दाबलं आणि लिहिलं: थॉमसिन रॅथबोन, नवरा नसलेली स्वतंत्र बाई. हे शब्द लक्षात ठेवावेत.

मग मेरी वारली, तिची सावत्र बहीण एलिझाबेथ गादीवर आली, आणि नवा धर्म पुन्हा आला. त्या वसंतात कुणीतरी माझं दार वाजवलं.

"थॉमसिन, मी आलोय."

"मी कोण?"

"ऑस्वल्ड. तुझा नवरा."

"माझा नवरा मागच्या राणीने नेला. तो परत दिल्याचं मला कुणी कळवलं नाही."

मी आत भांडी घासत राहिले. तो बाहेर पायरीवर बसून राहिला. शेवटी एमटनेच उठून दार उघडलं आणि मला विचारलं, "आई, हा माणूस रडतोय, याला घरात घेऊ का?" घेतला. पुढे तो या घरात राहिला, पुन्हा गावचा पाद्री झाला, मला लिहा-वाचायला शिकवलं, आणि तीन वर्षांपूर्वी तापाने गेला. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. पण घर माझं होतं आणि तो माझ्या घरात राहत होता, हे त्यानेही कधी नाकारलं नाही.

घराचं कलम. नदीकाठचं घर, मागची गाळायची पडवी, बार्ली वाळवायची माडी, विहीर आणि नासपतीचं झाड, हे सगळं माझ्या स्वकष्टाचं आहे. ते मी माझी मुलगी एमट हिला, तिच्या नावाने, तिच्या मर्जीप्रमाणे वापरायला, विकायला, कुणाला द्यायला, पूर्णपणे देते. इतर कुणाचा त्यावर हक्क नाही.

आता रॅल्फ. गेल्या नोव्हेंबरात उत्तरेचे दोन सरदार बंड करून उठले. म्हणाले, जुना धर्म परत आणतो, आणि कैदेत ठेवलेली स्कॉटलंडची राणी, जिचं नावही मेरीच, तिला सोडवतो. त्यांची माणसं केल्डवुडमध्ये आली, चर्चमधली इंग्रजी पुस्तकं चौकात जाळली, लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणवली. माझ्या पडवीची पायरी म्हणजे जुन्या वेदीचा दगड. नवा धर्म आल्यावर तो फरशीच्या भावात विकला होता, तो मी घेतला. तो उपटून त्यांनी चर्चमध्ये नेला. त्याच दिवशी संध्याकाळी रॅल्फ माझ्या दारात आला, टोपीसुद्धा काढली नाही.

"बाई, दुसरी राणी येतेय. तू माझ्या भावाची कुणी नव्हतीस आणि ही पोरगी पापाची. तुझ्यामागे तिला काही मिळायचं नाही, हे आत्ताच समजून घे."

एमट तिथेच उभी होती, हात बार्लीने माखलेले. तो गेल्यावर तिने मला विचारलं, "आई, मग मी नेमकी कोण?"

मी म्हटलं, "तू माझ्यापेक्षा बरी बिअर गाळतेस. बाकीचं राण्यांना ठरवू दे." पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं. ती तीन वर्षांची असताना मी तिला घेऊन एकदा घराबाहेर पडले आहे. ते तिच्या नशिबी पुन्हा यायला नको.

मग दक्षिणेकडून एलिझाबेथचं सैन्य आलं, सरदार स्कॉटलंडात पळाले आणि गावोगावी फासाचे खांब उभे राहिले. दगड परत माझ्या पायरीला आला. आणि नाताळच्या दिवशी रॅल्फ आला, हातात भेट म्हणून भाजलेला बदकाचा पाय, अंगात स्वच्छ कोट, टोपी काखेत.

"वहिनी, तब्येत कशी आहे?"

"कोण वहिनी?" मी विचारलं. पंधरा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता.

"असं काय बोलता. तुम्ही माझ्या थोरल्या भावाच्या बायको. तेव्हाचा काळ वेगळा होता."

"बरं. मग?"

"मग काही नाही. बायको जे विकत घेते ते नवऱ्याचंच असतं, हा कायदा आहे. म्हणजे हे घर माझ्या भावाचं, आणि भावाच्या मागे माझं. पाद्र्यांची लग्नं या राणीने चालवून घेतली खरी, पण तसा कायदा केलेला नाही. एमटचं औरसपण काही धड नाही. मी तिला घरात कामाला ठेवून घेईन, काळजी करू नका."

बदकाचा पाय ठेवून घेतला, शिळा नव्हता.

तेव्हापासून मी विचार केला आणि तो इथे लिहिते, म्हणजे माझ्यामागे कुणाला वाद घालायचा तर त्याने यावर घालावा. रॅल्फच्या मते मी बायको होते, किंवा नव्हते. दोन्ही एकाच वेळी होता येत नाही, सोळा वर्षं मी करून बघितलंय. मी बायको नव्हते, तर घर घेतलं तेव्हा मी स्वतंत्र बाई होते, खरेदीखतात लिहिल्याप्रमाणे. मग घर माझं एकटीचं. ते मी एमटला नावाने दिलं आहे, आणि नावाने द्यायला ती औरस असावी लागत नाही. मी ते नासपतीच्या झाडावरच्या कावळ्यालाही दिलं असतं तरी चाललं असतं. आणि मी बायको होते, तर एमट ऑस्वल्डची लग्नाची मुलगी, आणि मुलगी असताना भावाला वारसा मिळत नाही. म्हणजे एलिझाबेथ राहो, स्कॉटलंडची मेरी येवो, की आणखी कुणी तिसरी उगवो, घर एमटचंच. मी बायको नव्हते हे पक्कं करायला रॅल्फने स्वतः शपथ घेतली होती. आपण भावाची मिळकत वाचवतोय असं त्याला वाटलं. तेव्हा त्याने मलाच स्वतंत्र करून ठेवलं.

किरकोळ कलमं. तांब्याची मोठी कढई, ढवळायचा लाकडी दांडा, पिंपं आणि चाळण्या एमटला. दांडा भिजवून ठेवू नये, त्याला वास लागतो. एमट, हे तुला दरवेळी सांगावं लागतं.

पिसांची गादी आणि माझा तांबडा घागरा डायोनिसला. घागरा कमरेत उसवून सैल करावा लागेल, तिला राग येऊ नये.

लोहार कुथबर्टला माझा चांगला लोकरीचा झगा, त्याच्या बायकोसाठी, आणि हयात असेपर्यंत दर रविवारी एक तांब्या बिअर. वेदीचा दगड त्याच्या बैलांनी दरवेळी ओढून नेला आणि आणला. माझी विनंती की आता तो पायरीलाच राहू द्यावा. बैलांचं वय झालंय.

बार्लीच्या जुन्या पिंपाच्या तळाशी दोन पुस्तकं आहेत. एक इंग्रजी धर्मग्रंथ, तो नोव्हेंबरात लपवला. एक लॅटिन प्रार्थनेचं पुस्तक, ते लहान राजाच्या वेळी ऑस्वल्डने लपवलं होतं. दोन्ही पाद्रीबाबा गिल्बर्ट यांना देते. एक वापरावं आणि दुसरं तळाशी राहू द्यावं. कुठलं वापरायचं ते हवा बघून ठरवावं. त्यांनी हे वाचून कपाळाला आठ्या घातल्या, पण नको म्हणाले नाहीत.

रॅल्फ हेबर याला ती पांढरी चादर, जी पांघरून मी उभी राहिले. धुऊन घडी करून ठेवली आहे.

माझ्या दफनाला येणाऱ्या सगळ्यांना बिअर, ओटची भाकरी आणि गाईचं खारवलेलं मांस. माझ्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावायची की नाही यावर कुणी वाद काढला तर त्याला प्यायला देऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी एमटने करावी आणि डायोनिसने तिच्या पाठीशी उभं राहावं.

हे सगळं आज सकाळी साक्षीदारांसमोर वाचून दाखवत होते. घराचं कलम संपताना दारात सावली पडली. रॅल्फ उभा होता. कुणी सांगितलं माहीत नाही, गावात भिंतींनाही ऐकण्याशिवाय काम नसतं. मी थांबले नाही. त्याचं कलमही त्याच्यासमोर वाचलं, चादरीसकट. मग विचारलं, "भावजी, चारचौघांत एकच सांगा. मी तुमच्या भावाची बायको होते की नव्हते? जे म्हणाल ते खाली लिहिते."

त्याने पाद्रीबाबांकडे बघितलं. कुथबर्टकडे बघितलं. एमटकडे मात्र बघितलं नाही.

कुथबर्ट म्हणाला, "बोल की रे. मागे तर चर्च दणाणून सोडलं होतंस."

रॅल्फने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. एमटने त्याला बसायला बाक पुढे केला, तिच्या घरात आलेल्या कुठल्याही माणसाला करावा तसा. तो बसला नाही, उभाच राहिला. मी त्याला कढई एकदा उकळेल एवढा वेळ दिला.

पाद्रीबाबा म्हणाले, "काहीच न बोललेल्या माणसाचं नाव साक्षीदारांत घालता येत नाही, बाई."

मी म्हटलं, "त्याने ऐकलं ना? मग घाला."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. याआधी मी दुसरं कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. करायला वेळच नव्हता.

केल्डवुड, फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी, राणी एलिझाबेथच्या राज्याच्या बाराव्या वर्षी.

थॉमसिन रॅथबोन, तीच थॉमसिन हेबर. सही माझी.

साक्षीदार:

गिल्बर्ट लॉफ्टहाउस, पाद्री. सही.

कुथबर्ट आयर्टन, लोहार. हातोड्याची खूण.

डायोनिस स्केफ, सुईण. फुलीची खूण.

रॅल्फ हेबर, चर्चचा माजी कारभारी. सही नाही, खूण नाही. शेवटपर्यंत हजर होता. विचारलं तेव्हा हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही.